भरपूर म्हणू नकोस

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा क्लासला सुट्टी होती.

डिसेंबरातला रविवार. सकाळचे नऊ वाजून गेले होते, तरी नाशिकच्या द्वारका चौकावर धुकं असं उतरलेलं की उड्डाणपुलाचे खांब तेवढे दिसत होते. वरचा पूल नव्हताच. आमचा इंग्रजी संभाषणाचा क्लास एका ताडपत्रीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर भरतो आणि तिथे शिकवणारी मी, रोहिणी पगारे. सोमवारचा शब्द रविवारीच फळ्यावर लिहून ठेवायची माझी सवय. एक शब्द द्यायचा, त्याची रोजच्या बोलण्यातली वाक्यं करून घ्यायची. एकाने वाक्य म्हणायचं, मग सगळ्यांनी त्याच्या मागून. अशीच जीभ सैल होते.

मी शब्द लिहून हात झटकले आणि जिन्यात पावलं वाजली.

दारात एक उंच मुलगा. कानटोपी हातात, भुवयांवर धुक्याचे बारीक थेंब.

"क्लास आज नाय का?"

"रविवारी?"

"मग तुम्ही काय करताय?"

"उद्याची तयारी."

"मग मी पण उद्याची तयारी करतो," म्हणाला आणि सरळ पहिल्या बाकावर येऊन बसला.

रविराज त्याचं नाव. पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. तिथून द्राक्षं परदेशी जातात, आणि परदेशातून फोन येतात. "ते बोलतात, मी येस येस करतो. मागच्या वर्षी एका येसमध्ये काळ्यांऐवजी पांढरी द्राक्षं गेली." मी हसले. तोही हसला. मग त्याची नजर फळ्यावर गेली, आणि हसू... म्हणजे, कोणी दार हळूच लोटून घ्यावं तसं मिटलं.

फळ्यावर मी लिहिलं होतं, 'ॲबंडंट'.

"घाबरलात? सोपा आहे. ॲबंडंट म्हणजे भरपूर, मुबलक, रेलचेल. करा एक वाक्य."

"मला येतो हा शब्द," तो म्हणाला. "दुसरा द्या ना."

"येतो तर करा."

त्याने खिडकीकडे बघितलं. खिडकीच्या कट्ट्यावर पारवे बसले होते, नेहमीसारखे, वीस-पंचवीस, पंख फुगवून. त्यांच्या घुमण्याने माझा अर्धा आवाज जायचा रोज.  मग गार पाण्यात पाय घालावा तसा, जपून, म्हणाला —

"पिजन्स आर ॲबंडंट इन युवर विंडो."

"छान की!" मी म्हणाले.

सोमवारी खिडकीत एकही पारवा नव्हता.

कट्ट्यावर पिसं होती, विष्ठेचे पांढरे डाग होते. पारवे नव्हते. समोरच्या इमारतीवर नाहीत, तारांवर नाहीत. दुकानवाले काळूमामा म्हणाले, "बरं झालं, माझ्या ताडपत्र्या घाण करायचे." मला मात्र शिकवताना स्वतःचाच आवाज इतका मोठा ऐकू येत होता की दोनदा वाक्य अर्धं सोडलं. रविराज मागच्या बाकावर बसला होता. खिडकीकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

आमच्या घरात नजर, भानामती, अंगारे-धुपारे काही चालत नाही. बाबा पोस्टात होते. कुठल्याही गोष्टीला आधी "कशावरून?" विचारायचं, हे त्यांनी मला चालायच्या आधी शिकवलं. त्यामुळे मी पारव्यांचं मनावर घेतलं नाही. थंडी होती, गेले असतील कुठेतरी.

आणि मनावर घ्यायला दुसरं होतं ना...

रविराज आठवड्यातून तीनदा यायचा, पाचच्या बॅचला. वर्गात सगळ्यात जास्त चुका त्याच्या, आणि सगळ्यात जास्त प्रश्नही.

"मॅडम, मिस म्हणजे आठवण येणं का चुकणं?"

"दोन्ही."

"मग आय मिस्ड द बस अँड आय मिस्ड यू — एका वाक्यात बसतं?"

"वाक्यात बसतं. बस मात्र गेली."

अख्खा वर्ग हसला. तो वहीत डोकं घालून लिहीत होता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. सुटल्यावर तो जिन्याच्या खालच्या पायरीशी बुटाची नाडी बांधत असायचा. रोज. इतकी वाईट नाडी मी कोणाची बघितली नाही. मी खाली उतरेपर्यंत ती बांधून व्हायची नाही, आणि मी आले की लगेच व्हायची. मग आम्ही रिक्षाच्या थांब्यापर्यंत चालायचो — सहा मिनिटांचं अंतर, आम्हाला पंचवीस लागायची.

जानेवारीत एका संध्याकाळी आम्ही द्वारकेवर रस्ता ओलांडायला उभे होतो. चारी बाजूंनी ट्रक, टेम्पो, एसट्या, हॉर्न. दहा मिनिटं झाली, पाऊल टाकता येईना.

"ह्याचं करा वाक्य," मी ओरडून म्हणाले. "त्या दिवशीचा शब्द घालून!"

त्याने एकदा रस्त्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "ट्रॅफिक गेली तर कुणाचं वाईट नाय ना व्हायचं?"

"वाईट? लोक पेढे वाटतील."

"ट्रॅफिक इज ॲबंडंट ॲट द्वारका," तो म्हणाला. त्याचा श्वास माझ्या गालाला लागला, आणि मी पुढचं काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटला. आम्ही जिना उतरलो. आणि बाहेर...

द्वारका रिकामी होती.

एक गाडी नाही. रिक्षा नाही, सायकल नाही. पुलावरही काही नाही. अजून पुरता अंधारही पडला नव्हता. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, आकडे मोजत राहिला — कोणासाठी? उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर कोणी नव्हतं, पण चाकाचे घुंगरू हलकेच वाजत होते. दूर कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली ती इतकी स्वच्छ ऐकू आली की मी दचकले. मी जन्मापासून नाशिकमध्ये आहे. द्वारकेचा डांबरी रस्ता असा, पूर्ण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी कधीच बघितला नव्हता. केवढा मोठा होता तो!

रविराजने माझा हात धरला. पहिल्यांदाच. त्याचा तळवा बर्फासारखा गार होता.

"चला," तो म्हणाला. "पटकन ओलांडू."

मध्यावर दुभाजकापाशी मी थांबले. "काय चाललंय हे?"

तेव्हा त्याने सांगितलं. तिथेच, त्या ओसाड चौकात उभं राहून. आवाज चढवायची गरजच नव्हती.

आठवीत असताना त्याला हा शब्द पहिल्यांदा भेटला. इंग्रजीच्या सरांनी वाक्यं करायला दिली. त्याने लिहिलं, आमच्या विहिरीला भरपूर पाणी आहे. त्या उन्हाळ्यात विहीर आटली. पण त्या वर्षी सगळ्यांच्याच आटल्या, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. मग सहामाहीत आजोबांवर निबंध आला. त्याचे आजोबा, मोतीराम, गावात गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक गोष्ट सुरू झाली की बाजरीची खुडणी थांबायची. त्याने लिहिलं, 'माय ग्रँडफादर हॅज ॲबंडंट स्टोरीज.'

"पेपर लिहून घरी आलो," रविराज म्हणाला, "तर आजोबा ओट्यावर बसलेले. मला बघून तोंड उघडलं... आणि आवाजच नाय. झटका आला होता. सहा वर्षं जगले त्यानंतर. रोज माझ्याकडं बघून तोंड उघडायचे. एक गोष्ट नाय निघाली."

सिग्नल पुन्हा हिरवा झाला.

"मग त्या रविवारी का म्हणालात?"

"पंधरा वर्षं झाली होती. वाटलं, गेलं असेल. आणि..." तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही म्हणालात म्हणून. तुम्ही सांगितलं आणि मी नाय म्हणायचं, हे मला पहिल्या दिवसापासून जमलंच नाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात कारण आलं. महामार्गावर एक टँकर गळत होता, म्हणून पोलिसांनी चारी बाजूंची वाहतूक अडवून धरली होती. मी ते कात्रण त्याच्यासमोर ठेवलं. "बघा. योगायोग."

"बरं," तो म्हणाला.

"योगायोग आहे ना? मग माझं एक वाक्य करा. तो शब्द घालून."

"नाय."

"का?"

"रोहिणी, तू परत हे मागू नको."

तू! आणि नुसतं रोहिणी! मी रागवायला हवं होतं. मी रिक्षात बसले आणि नाशिकरोडपर्यंत ते दोन शब्द जिभेवर घोळवत राहिले. घर मागे पडलं, रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, शेवटच्या स्टॉपला यायचंय का?"

पण एक खुपत होतं. त्याने कधी सांगितलं नाही की मी त्याला आवडते. माझ्या डोळ्यांबद्दल, केसांबद्दल, काही म्हणून नाही. मी नवी ओढणी घेऊन गेले तर बघायचा — बघतच राहायचा — आणि म्हणायचा, "आज थंडी कमी हाय."

फेब्रुवारीत व्हायचं ते झालं. वर्गात दीपक म्हणून एक मुलगा होता, मोबाइलच्या दुकानात कामाला, तोंडाने फटकळ. उजळणीचा दिवस होता. जुने शब्द काढून वाक्यं करायची. दीपक उभा राहिला, आमच्या दोघांकडे बघून डोळे मिचकावले आणि ठसक्यात म्हणाला —

"रविराज अँड मॅडम हॅव ॲबंडंट लव्ह!"

हशा पिकला. आणि सवयीने अख्ख्या वर्गाने ते वाक्य मागून म्हटलं. मोठ्याने, एका सुरात. मी रविराजकडे बघितलं. त्याचे ओठही हलले होते. सवयीने. शेवटच्या शब्दाला त्याच्या लक्षात आलं, आणि चेहऱ्यावरून रक्त उतरताना मी बघितलं.

तो दप्तर तिथेच टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. फोन बंद. त्या दिवशी मी रडले, चिडले, त्याला मनातल्या मनात खूप बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले, चहा घेतला, केस विंचरले. आणि आरशासमोर हात थांबला. आत काहीतरी शांत होतं. फार शांत. मी रविराजचं नाव मनात घेतलं. काही हललं नाही. त्याचा आवाज आठवायला गेले, आठवेना. चेहरा आठवला, पण ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. जिन्याची पायरी, बुटाची नाडी, कानाशी आलेला श्वास, सगळं घडलेलं आठवत होतं, पण दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडल्यासारखं.

दुःख झालं असतं तर मी घाबरले नसते. दुःखच होत नव्हतं.

"बाबा," मी विचारलं, "माणसाला एकाएकी काहीच वाटेनासं होतं का?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "होतं. फार वाटलं की मन असं दार लावून घेतं. कशावरून विचारतेस?"

"मी पिंपळगावला जाऊन येते," मी म्हणाले. प्रेमाने नाही हं. भीतीने. जे गेलं ते कुठे गेलं, हे मला बघायचं होतं.

एसटी महामार्गावरून धुक्यात चालली होती. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव येत होते आणि विरत होते. फाट्यावर त्याचं घर कोणीतरी दाखवलं. तो अंगणात क्रेट धूत होता. मला बघून उभा राहिला. हातातून पाणी गळत होतं.

"कशाला आलीस?"

"फोन का बंद?"

"मी लांब राहिलो तर तुझ्यापर्यंत पोचणार नाय ते."

"पोचलं," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले.  मग आतून हाक आली, "कोण आलंय रे?" आणि त्याची आई बाहेर आली. लंकाबाई. डोक्यावर पदर, मनगटं क्रेट उचलून घट्ट झालेली. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. मी नाव सांगितलं, आडनावासकट, मुद्दाम. ती क्षणभर थांबली. "बरं," म्हणाली. "आत ये, उन्हात नको उभी राहू." ऊन नव्हतंच.

"रवी, दुकानातून तांदूळ आण. वाढलेत."

तो गेला. मी म्हटलं, "मावशी, वाढलेत तर आणायचे कशाला?"

ती हसली. "संपलेत. पण संपलं म्हणू नये घरात. बांगडी फुटली की वाढवली म्हणतो ना? दिवा मालवला की वाढवला. तसंच." चुलीपाशी बसत ती म्हणाली, "हे पोरगं त्या एका इंग्रजी शब्दाला भितंय. आपल्याकडं तर संपण्याला वाढणंच म्हणतात. मी रोज म्हणते, मला कुठं काय झालं?"

"म्हणजे आजोबांचं...?"

"माझ्या सासऱ्याला झटका पोराच्या वाक्यानं आला का बिडीनं, मला नाय ठाऊक. डॉक्टर म्हणला बिडीनं." जाळ सारताना तिचा आवाज खाली आला. "पण विहीर आटली ती आटली, हे बी खरं. नंतर पाणी लागलंच नाय तिला." मग ती माझ्याकडे वळली. "तुझ्याबद्दल घरात एक शब्द बोलत नाय तो. क्लासचं सगळं सांगतो, तुझं नाय. आधी वाटलं, लपवतोय. मग कळलं... जपतोय."

मला ऐकू आलं. समजलंही. पण आत काही हललं नाही, आणि त्या क्षणी मला इतकं वाईट वाटलं — त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी — की उठून मी दारात गेले.

तो तांदळाची पिशवी घेऊन धुक्यातून येत होता.

"रविराज, खरं सांगते. मला काहीच वाटत नाहीये. तुझ्याबद्दल, आपल्याबद्दल. रिकामं झालंय."

"माहीत हाय. तुझ्या डोळ्यांत दिसलं."

"तुला?"

"मला वाटतंय," तो म्हणाला. "लय वाटतंय."

मी विचार केला. खरंच उभं राहून, शांतपणे विचार केला. प्रेम नव्हतं, म्हणून डोकं स्वच्छ होतं. समोर एक भला माणूस उभा होता, ज्याला मी काल-परवापर्यंत निवडलं होतं. निवडलं ते चूक होतं, असं काही मला सापडलं नाही.

"मग काही दिवस दोघांपुरतं तूच सांभाळ," मी म्हणाले. "मी येत जाईन. आणि फोन चालू ठेव. शब्दाने माणूस जात नाही, पायाने जातो. परत गेलास तर ते तू केलेलं असेल, त्या शब्दाने नाही."

त्याने मान हलवली. तांदळाची पिशवी छातीशी घट्ट धरलेली होती.

मी दर रविवारी गेले. लंकाबाईंबरोबर भाकरी शिकले, त्याला इंग्रजीतले फोन शिकवले. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी काही नाही. मी मांडवाखाली उभी राहून आत कान लावायचे, आटलेल्या विहिरीत दगड टाकून ऐकावं तसं. तो कधी विचारायचा नाही. बसपर्यंत सोडायला यायचा, एक हात अंतर ठेवून.

मार्चचा दुसरा रविवार. धुकं सरलं होतं, काढणी चालू होती. मी विचारलं, "ह्या घडाला गोडी आली का?" तो म्हणाला, "आली की, बघ," आणि ऐटीत दोन मणी तोंडात टाकले. पुढच्या क्षणी त्याचा चेहरा असा आक्रसला, एक डोळा मिटला, एक भुवई वर... सुपरवायझर म्हणे!

मी हसले. आणि हसताना छातीत कळ आली.

बारीकशी. खोल कुठेतरी. मी हसायची थांबले आणि श्वास धरून उभी राहिले. होती. अजून होती. मग त्याचा आवाज आला — सगळा, एकदम, द्वारकेवर कानाशी आला होता तसा — आणि माझे डोळे भरले.

"काय झालं?" तो घाबरून पुढे आला. "रोहिणी? काय होतंय?"

"होतंय," मी म्हणाले. "काहीतरी होतंय. थोडंसंच."

तो तिथेच खाली मातीत बसला. हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखा रडला. मग म्हणाला, "थोडंच बास. मला थोडंच दे. मी पण तुला... मला तू आवडतेस. थोडी. इतकी थोडी की मला झोप लागत नाय."

"वाक्य चुकलं," मी म्हणाले.

"चुकू दे."

त्याच्या हाताला द्राक्षांचा चिकट वास होता. त्या दिवशी बसपर्यंतचं अंतर हातभर राहिलं नाही.

पुढच्या डिसेंबरात आमचं लग्न झालं, कोर्टात. बाबांनी रविराजला एकच विचारलं, "तुमचं हिच्यावर प्रेम आहे कशावरून?" त्याने खूप विचार केला आणि म्हणाला, "भीती वाटते, त्यावरून." बाबांना उत्तर पटलं, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

आता आम्ही पिंपळगावलाच राहतो. मी क्लासला जाते, पण तो शब्द मी शिकवत नाही. तो योगायोग होता की नव्हता, मला माहीत नाही. आणि आता 'कशावरून?' असं मी त्याला विचारतही नाही.

सकाळी जाग येते तेव्हा बहुतेक वेळा तो आधी उठलेला असतो. उशाशी बसून माझ्याकडे बघत असतो. खिडकीबाहेर धुकं मांडवांवरून सरकत असतं.

"आहे?" तो हळूच विचारतो.

"आहे," मी म्हणते.

पण उगाच म्हणत नाही. उत्तर देण्याआधी मी डोळे मिटते, आत जाते, खरंच बघते... आणि मगच सांगते.